दगडावर जंगल कसं उभं राहतं? वाचकांचे प्रश्न, मातीची उत्तरं

मागच्या महिन्यात याच पानावर मी चुनखडीच्या डोंगरांबद्दल दोनच ओळी लिहिल्या होत्या, की तिथं माती वीतभरसुद्धा नसते आणि तरी जंगल उभं राहतं ते मातीतल्या, दगड खाणाऱ्या जिवाणूंच्या जिवावर. त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं अख्खं पान त्यालाच दिलंय. पस्तीस वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं पण एवढे नेमके प्रश्न वर्गात क्वचितच आले असतील. सगळे घेता आले नाहीत, सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : मॅडम, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मेघालयला गेलो होतो, सोहराजवळची मावस्माई गुहा बघितली. गुहेच्या वरच्या अंगाला गेलं तर नुसता दगड आणि त्या दगडावर झाडं, मुळं अशी खडकावरून ओघळल्यासारखी खाली आलेली. माती कुठं दिसेनाच. मग त्या झाडांना खायला कोण घालतं? आमच्या गॅलरीतल्या कुंडीत माती जरा खाली बसली तरी मोगरा फुलायचा थांबतो.
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : तुम्ही बघितलात तो कार्स्ट. स्लोव्हेनिया आणि इटलीच्या हद्दीवर क्रास नावाचं चुनखडीचं पठार आहे, त्याच्यावरून हे नाव जगभर गेलं. चुनखडीचा दगड पावसाच्या पाण्यात हळूहळू विरघळतो, भेगा रुंदावतात, भेगांच्या फटी होतात, फटींच्या गुहा होतात आणि मग पाऊस कितीही पडू दे, पाणी वर थांबतच नाही. सोहरा म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातलं चेरापुंजी, तिथं वर्षाला ११,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपला गगनबावडाही त्याच्यापुढं फिका, आणि त्याच सोहऱ्यात हिवाळ्यात पाण्याची टंचाई असते. पाणी जसं खाली पळतं तसं त्याच्याबरोबर खतही खाली पळतं. म्हणून तुमचा प्रश्न अगदी मुळाशी गेलाय, की मग तिथं अन्न थांबतंच कसं.

आधी माती. आपल्याकडचा काळा बेसॉल्टचा दगड कुजला की त्याची बरीचशी माती होते, जागच्या जागी. चुनखडीचं तसं नाही, ती जवळजवळ सगळीच विरघळून पाण्याबरोबर जाते आणि मागं राहतो तो दगडात अडकलेला थोडासा चिखल. शुद्ध चुनखडीत हा चिखल शेकड्याला दोन-चारच असतो. एवढ्याशा मालातून माती व्हायची आणि ती पण सपाट पसरत नाही, फटीत, खोबणीत, दोन दगडांच्या बेचक्यात जमते. तुम्हाला ती दिसली नाही कारण ती वर नव्हतीच, मुळं जिथं शिरली होती तिथं आत होती.

आता त्या मूठभर मातीत काय आहे ते बघा. चांगल्या जिवंत मातीच्या एका ग्रॅममध्ये शंभर कोटीपर्यंत जिवाणू असू शकतात, वर बुरशीच्या तारा वेगळ्या. झाडाचं पान पडलं की आधी बुरशी त्याला धरते, लिग्निनसारखे चिवट भाग मुख्यतः तीच फोडते, मग जिवाणू येतात, आणि त्या पानातलं नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) ते स्वतःच्या अंगात भरून घेतात. हे अंगात भरून घेणं फार महत्त्वाचं आहे. कारण नत्र जर मोकळं नायट्रेट होऊन पाण्यात राहिलं तर पुढच्या सरीबरोबर ते फटीतून शंभर फूट खाली गेलंच म्हणून समजा, पण जिवाणूच्या शरीरात आहे तोवर ते मातीला चिकटून आहे. मग त्या जिवाणूंना खाणारे आणखी बारीक जीव असतात, प्रोटोझोआ, सूत्रकृमी, ते जिवाणू खातात आणि जास्तीचं नत्र अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतात, आणि तिथंच मूळ वाट बघत असतं. म्हणजे शेतकऱ्यानं एकरकमी पोतं ओतावं तसं काही नाही, रोज थोडं सुटतं रोज थोडं उचललं जातं. तिथं साठा मातीत कमी आणि जिवात जास्त.

शिवाय चुन्यातलं कॅल्शियम इथं डिंकासारखं काम करतं. कुजलेल्या पानांचा जो काळा ह्यूमस असतो तो आणि चिकणमातीचे कण यांना कॅल्शियम जोडून धरतं, त्यामुळं तो ह्यूमस पटकन जळून जात नाही. म्हणून चुनखडीच्या फटीतली माती बऱ्याचदा काळीभोर आणि भुसभुशीत असते, आपल्याकडच्या कस गेलेल्या रानापेक्षा तिच्यात सेंद्रिय कर्ब (कार्बन) कितीतरी जास्त सापडतो. फक्त आहे किती, तर ओंजळभर! हेच मला त्या जागांचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य वाटतं, माती श्रीमंत आहे पण थोडी आहे.

आणि बुरशीचं राहिलं. झाडाच्या मुळाशी भागीदारी करणारी मायकोरायझा नावाची बुरशी असते, तिची तार मुळाच्या केसापेक्षाही बारीक, त्यामुळं जिथं मूळ शिरू शकत नाही त्या फटीत ती जाते आणि तिथलं स्फुरद आणि पाणी आणून देते, बदल्यात झाड तिला साखर देतं. तुमच्या मोगऱ्याला यातलं काहीच नाही, ना पडलेली पानं कुजायला ना भागीदार. वाळलेली पानं कुंडीतच राहू द्या आणि वर्षातून एकदा चांगल्या बागेतली दोन मुठी माती घाला.

प्रश्न : जिवाणू दगड खातात असं तुम्ही लिहिलं होतं. खरंच खातात का? आमचे सर म्हणाले चुनखडी पावसानं विरघळते, त्यात जिवाणूंचा काय संबंध.
– अकरावी सायन्सची विद्यार्थिनी, शाहूपुरी

उत्तर : तुझे सर बरोबर आहेत आणि मी 'खातात' हा शब्द सैल वापरला. पण नुसत्या पावसाच्या पाण्यात फारसा दम नसतो. हवेत कार्बन डायऑक्साइड किती, तर ०.०४ टक्के. तेवढा पाण्यात मिसळून होणारं कार्बोनिक आम्ल अगदी सौम्य. तेच पाणी मातीत मुरलं की चित्र बदलतं, कारण मातीत मुळं आणि कोट्यवधी जिवाणू श्वास सोडत असतात, आणि पावसाळ्यात उबदार ओल्या मातीतल्या हवेत हा वायू बाहेरच्यापेक्षा दहापट ते शंभरपट होतो. म्हणजे दगड विरघळवणारं आम्ल आभाळातून कमी आणि मातीतल्या जिवांच्या श्वासातून जास्त येतं. वर जंगल दाट तर खाली दगड जोरात विरघळतो, जंगल तुटलं की तो वेगही कमी होतो.

हे तू घरीच बघू शकतेस, आणि तुझ्या सरांनाही दाखव. पानाचा चुना थोडा पाण्यात ढवळून रात्रभर ठेव, सकाळी वरचं स्वच्छ पाणी अलगद काढून घे, ही चुन्याची निवळी. त्यात दहापट डिस्टिल्ड पाणी मिसळून ती पातळ कर. आता स्ट्रॉनं त्यात फुंकत राहा (निवळी ओढायची नाही, तोंडात आणि डोळ्यात जाऊ द्यायची नाही, चटका बसतो). आधी पाणी दुधासारखं पांढरं होतं. ती चुनखडी, कॅल्शियम कार्बोनेट, तुझ्याच श्वासानं तयार झालेली. बहुतेक जण इथंच थांबतात. तू थांबू नकोस, पाच-दहा मिनिटं फुंकतच राहा, मैत्रिणीला घे बरोबर. हळूहळू ते पांढरं पाणी परत नितळ व्हायला लागतं! जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडनं चुनखडीचं बायकार्बोनेट झालं आणि ते विरघळलं. डोंगराखाली गुहा होते ती अशी. आता तेच पाणी तापव, वायू उडून जाईल आणि पाणी पुन्हा गढूळ होईल, ते झालं गुहेतलं छतावरून लोंबणारं झुंबर आणि आपल्या गिझरमधला पांढरा थर. अख्खा कार्स्ट एका ग्लासात.

जिवाणूंचं काम यापुढंही आहे. कार्बोनिक अॅनहायड्रेज नावाचं एक एन्झाइम असतं, आपल्या रक्ताच्या तांबड्या पेशींतही तेच असतं, ते कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांची गाठ भराभर घालून देतं. मातीतले कितीतरी जिवाणू ते बनवतात आणि त्यामुळं चुनखडी विरघळायचा वेग वाढतो. दगडफूल आणि बुरशी तर सरळ ऑक्झॅलिक आम्ल सोडतात. आणि उलटही होतं बरं का, काही जिवाणू युरिया फोडून आजूबाजूचा सामू (pH) इतका चढवतात की चुनखडी तयार होऊन बसते. आफ्रिकेत इरोको नावाचं एक झाड आहे, ते जमिनीतलं कॅल्शियम घेऊन अंगात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक साठवतं, झाडाचा पालापाचोळा पडला की जिवाणू त्यातलं ऑक्झॅलेट खातात आणि मागं चुनखडी उरते, तीही अशा जमिनीत जिथं मुळात चुना नव्हता. मला हे पहिल्यांदा वाचल्यावर रात्री झोप लागली नव्हती, हवेतला कार्बन झाड आणि जिवाणू मिळून दगड करून ठेवतात म्हणजे काय हे डोक्यातून जाईना.

प्रश्न : आपल्या कोल्हापुरात कार्स्ट का नाही? पोहाळ्याला आणि मसाई पठाराकडं गुहा आहेत की.
– एक वाचक, पन्हाळा

उत्तर : त्या माणसानं छिन्नीनं कोरलेल्या लेण्या आहेत, पाण्यानं केलेल्या गुहा नाहीत. आपला खडक बेसॉल्ट आणि पठारांच्या डोक्यावर जांभा, दोन्ही चुनखडीसारखे विरघळत नाहीत. आपल्याला सगळ्यात जवळची जुनी चुनखडी म्हणजे कर्नाटकात बागलकोट, लोकापूर, मुधोळ भागातली, तिकडं सिमेंटचे कारखाने आहेत ते त्याच्याचमुळं. महाराष्ट्रात वणी आणि चंद्रपूरकडं आहे. आणि गुहाच बघायच्या तर आंध्रातल्या बोरा आणि बेलम या दोन जाऊन बघण्यासारख्या आहेत.

पण चुना आपल्या काळ्या रानातही आहे, कमी पावसाच्या पूर्व भागात तर भरपूर. नांगरटीला पांढरे खडे वर येतात ना, ती चुनखडी. पूर्वी हेच खडे वेचून चुन्याच्या भट्टीत भाजायचे. खडक बेसॉल्टचा असला तरी त्यातून सुटलेलं कॅल्शियम पाणी आटताना खालच्या थरात कार्बोनेट होऊन बसतं. म्हणून पुढचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटला.

प्रश्न : ताई, रान शिरोळ तालुक्यात, काळं भारी, पण चुनखड. माती परीक्षणात सामू ८.४ आणि मुक्त चुना १४ टक्के आला. दरवर्षी सुपर फॉस्फेट पडतंय, रिपोर्टात स्फुरद कमीच येतंय. खोडव्यावर (तोडलेल्या उसाच्या फुटव्यावर) केवडा पडतोय, पानं पिवळी-पांढरी. दुकानदार म्हणतो जिप्सम टाका, शेजारी म्हणतो गंधक टाका, भाचा म्हणतो जिवाणूखत सोडा. पैसे तिन्हीत जातील, खरं काय ते सांगा. तुमचा तो मेघालयचा डोंगर आणि माझं रान यात काही साम्य हाय का?
– एक ऊस उत्पादक, शिरोळ तालुका

उत्तर : साम्य आहे आणि बरंच आहे, म्हणूनच सविस्तर लिहिते. तुमच्या रानात आणि त्या डोंगरावर अन्न कमी नाही, ते कुलपात आहे. कुलूप चुन्याचं.

स्फुरदाचं आधी. सुपर फॉस्फेटमधलं स्फुरद पाण्यात विरघळणारं असतं पण मातीत पडलं की कॅल्शियम त्याला पकडतं, आधी डायकॅल्शियम, मग ट्रायकॅल्शियम, करत करत ते जवळजवळ दगडच होतं. तुम्ही दरवर्षी टाकलेलं स्फुरद वाहून गेलेलं नाही, तुमच्याच रानात पडून आहे, फक्त मुळाला मिळत नाही आणि रिपोर्टात 'उपलब्ध स्फुरद' या रकान्यात दिसत नाही. चुनखडीच्या जंगलातसुद्धा हीच अडचण असते, तिथं मुळं, बुरशी आणि जिवाणू मिळून ती सोडवतात, सायट्रिक, ग्लुकॉनिक अशी आम्लं सोडून आणि फॉस्फेटेज एन्झाइमनं कुजलेल्या पानातलं स्फुरद मोकळं करून.

मग भाचा म्हणतो ते जिवाणूखत, म्हणजे पीएसबी, स्फुरद विरघळवणारे जिवाणू, चालेल का? चालेल, पण नुसती बाटली ओतून नाही, आणि हे मी स्पष्ट सांगते कारण बाटलीवरच्या चित्रावर विश्वास ठेवून खूप जण फसतात. तुमच्या रानात १४ टक्के चुना आहे. जिवाणूनं सोडलेलं आम्ल चुन्याला लागलं की तिथंच फसफसून संपतं. सगळ्या रानाचा सामू खाली आणणं त्याच्या आवाक्यात नाही. त्याची ताकद मुळाच्या अगदी अंगालगत, मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या पट्ट्यात, आणि तिथंही त्याला खायला कर्ब पाहिजे. उपाशी जिवाणू आम्ल कशाचं करणार? म्हणून सुपर फॉस्फेट रानभर विस्कटू नका, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, पीएसबी त्यातच घालून, सावलीत ओलसर ठेवून थोडे दिवस मुरवा आणि सरीत मुळाजवळ द्या. खताचा चुन्याशी संबंध जितका कमी येईल तितकं बरं.

केवडा म्हणजे लोहाची कमतरता, पण लोह रानात नाही असं अजिबात नाही, काळ्या मातीत लोह भरपूर असतं. सामू एकानं चढला की फेरिक लोहाची विद्राव्यता हजारपटीनं घटते असा हिशोब आहे. उसासारखी गवताच्या जातीची पिकं मुळातून एक पदार्थ सोडून लोहाला चिमट्यात धरल्यासारखं धरून आत ओढतात, जिवाणूंचेही तसे चिमटे असतात, साइडरोफोर म्हणतात त्यांना. पण रान पाण्यानं तुंबलं की हे सगळं कोलमडतं. मघाशी त्या मुलीला सांगितलेला निवळीचा प्रयोग आठवा. तुंबलेल्या मातीतून कार्बन डायऑक्साइड बाहेर जाऊ शकत नाही, तो चुन्यावर काम करतो आणि बायकार्बोनेट वाढतं, आणि हे बायकार्बोनेटच उसाला लोह घेऊ देत नाही. म्हणून मोकाट पाणी दिल्यावर आठ दिवसात केवडा वाढलेला दिसतो. मला विचाराल तर तुमच्या रानाचं पहिलं औषध कुठल्याही पोत्यात नाही, पाणी कमी करा आणि चर मोकळे ठेवा. त्यानंतर हिराकस (फेरस सल्फेट), तेही शेणखतात एकास दहा या प्रमाणात आठवडाभर मुरवून द्या, कोरडं फेकलं तर चुना त्याला लगेच गिळतो. पानं फारच पांढरी असतील तर अर्धा टक्का हिराकसची फवारणी.

आता जिप्सम का गंधक. जिप्सम कॅल्शियम देतं, आणि तुमच्या रानात कॅल्शियमची रेलचेल आहे, त्याच्यावर पैसे घालवू नका. रान चोपण असेल, म्हणजे सोडियम जास्त असेल, तर सोडियम हाकलायला कॅल्शियम लागतं पण ते तुमच्याकडं चुन्यात कोंडलेलं आहेच, ते फक्त सोडवायचंय. ते काम गंधक करतं, आणि गंधक स्वतः करत नाही, अॅसिडिथायोबॅसिलस जातीचे जिवाणू करतात, ते गंधकावर जगतात आणि त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात, ते आम्ल चुना विरघळवतं. वाक्समन आणि जोफी यांनी १९२२ साली या जिवाणूचं वर्णन केलं होतं. याला ओल लागते, ऊब लागते, हवा लागते आणि काही आठवडे लागतात, त्यामुळं गंधक टाकून तिसऱ्या दिवशी फरक शोधू नका. शेजारी बरोबर आहे, पण आधी रान खरंच चोपण आहे का हे रिपोर्टात विनिमय सोडियमच्या टक्क्यावरून बघून घ्या. नुसतं चुनखड असेल तर १४ टक्के चुना गंधकानं संपवायला निघणं परवडणारं नाही, तिथं गंधक पीक-खत म्हणून थोडंच.

दोन गोष्टी अजून. युरिया वरून फेकू नका, चढ्या सामूला तो फुटला की अमोनिया होऊन हवेत उडतो, मातीआड करा. आणि पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवू नका. पाचटात कर्ब खूप आणि नत्र कमी, म्हणून कुजताना जिवाणू आधी रानातलं नत्र स्वतःकडं ओढतात आणि पीक थोडे दिवस पिवळं दिसतं, लोक घाबरतात आणि पुढच्या वर्षी काडी लावतात. थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारं कल्चर वरून द्या, मग तेच नत्र जिवाणूंच्या अंगातून परत सुटतं. मेघालयच्या झाडांनी वर्षानुवर्षं तेच केलंय, आपला पालापाचोळा आपल्याच पायाशी ठेवलाय.

प्रश्न : गुहेत आत ऊन नाही, झाड नाही, तरी जिवाणू असतात म्हणे. ते खातात काय?
– एक वाचक, कागल

उत्तर : बहुतेक गुहांत वरून पाण्याबरोबर झिरपलेलं थोडं सेंद्रिय आणि वटवाघळांची विष्ठा. या विष्ठेतल्या अमोनियाचं काही जिवाणू नायट्रेट करतात, कोरड्या गुहेत ते मातीत साचत जातं. अमेरिकेत केंटकीतल्या मॅमथ केव्हमध्ये १८१२ च्या युद्धाच्या वेळी गुलामांकडून अशी माती खणून घेऊन तिच्यातून बंदुकीच्या दारूसाठी सोरा काढला जायचा. नत्राचं चक्र मध्येच तोडून माणसानं त्याची दारू केली.

पण रुमानियातली मोव्हिले गुहा १९८६ मध्ये सापडली ती वेगळीच, वरच्या जगाशी जवळपास संबंध नसलेली. तिथल्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन असतात, जिवाणू त्यांच्यापासून ऊर्जा घेतात, पाण्यावर त्यांची साय धरते आणि ती साय खाऊन आंधळे किडे, गोगलगायी, जळवा जगतात. सूर्याविना अख्खी पंगत. दगडातून किंवा वायूतून ऊर्जा घेऊन जगणारे जीव असतात हे विनोग्राड्स्कीनं १८८० च्या दशकात गंधकाच्या जिवाणूंवर काम करताना ओळखलं होतं.

प्रश्न : चीनमध्ये चुनखडीचे डोंगर उघडे पडून वाळवंट झालं असं वाचलं. मग तिथं जिवाणू सोडून माती परत करता येत नाही का? तुम्ही म्हणता तेच सगळं करतात.
– शिक्षक, गडहिंग्लज

उत्तर : नैऋत्य चीनमध्ये, ग्वीचो, ग्वांगशी, युनान भागात, कार्स्टचा जगातला सगळ्यात मोठा सलग पट्टा आहे. तिथल्या उतारांवर जंगल तोडून मका लावला, पाऊस आला आणि माती गेली, गेली ती कुठं तर बरीचशी फटीतून खाली. उरला उघडा दगड.

परत यायला किती वेळ लागतो हे फळ्यावर मांडू, तुम्ही शिक्षक आहात तर मुलांकडून करून घ्या. समजा दगडात न विरघळणारा भाग २ टक्के. दगड मातीपेक्षा साधारण दुप्पट जड. म्हणजे एक सेंटिमीटर मातीला सुमारे २५ सेंटिमीटर दगड विरघळला पाहिजे. आणि दगड समजा हजार वर्षांत ५ सेंटिमीटर विरघळतो, ओल्या प्रदेशात हा वेग पटण्यासारखा आहे. आलं उत्तर? पाच हजार वर्षं, एका सेंटिमीटरला. जिवाणू हा आकडा थोडा हलवतील, पण नाहीसा करू शकत नाहीत.

त्यामुळं माती परत करणं हे काम नाहीच, उरलेली धरून ठेवणं आणि तिला जिवंत करणं हे काम. ते होतं आणि झालंही आहे. १९९९ पासून चीननं उताराची शेती बंद करून झाडं-गवत वाढवायला शेतकऱ्यांना मोबदला दिला आणि त्या भागात हिरवळ परत आली. क्रम साधारण असा, उघड्या दगडावर आधी सायनोबॅक्टेरिया आणि दगडफूल, हे हवेतलं नत्र पकडतात, मग शेवाळ, धूळ अडकते, फटीत गवत, झुडपं, शेवटी झाडं. सुरुवातीला चणचण असते नत्राची, म्हणून शेंगवर्गीय झाडं आणि त्यांच्या मुळांवरच्या गाठीतले जिवाणू फार कामाचे. जंगल वाढत गेलं की नत्र पुरेसं होतं आणि मग स्फुरद कमी पडायला लागतं, तिथं बुरशी पुढं येते. म्हणजे कुठल्या टप्प्यावर कोण लागतं हे बदलत जातं, आणि जे एकच कल्चर सगळीकडं फवारून मोकळे होतात त्यांचं काम मातीला लागत नाही ते याच कारणानं. त्याच ग्वीचोत माओलानचं मूळ जंगल अजून उभं आहे, दगडावरच.

प्रश्न : आमचं मोठ्या बहिणीचं घर मुधोळच्या पुढं, लोकापूरकडं. विहीर फरशीच्या दगडात आहे, पाणी बारा महिने, चव गोड. विहिरीपासून पंधरा पावलांवर गोठा आणि उकिरडा. मी म्हटलं उकिरडा हलवा तर दाजी म्हणतात माती सगळं गाळून घेते, आजोबांपासून हेच पाणी पितोय. कोण बरोबर?
– एक वाचक भगिनी, कागल

उत्तर : तुम्ही बरोबर. दाजींचं म्हणणं खोल काळ्या रानात बऱ्याच अंशी खरं ठरलं असतं. तिथं पाणी मुंगीच्या पावलानं खाली जातं आणि वाटेत जिवाणूंना वेळ मिळतो. रोगाचे जंतू मातीतले जिवाणू आणि प्रोटोझोआ खाऊन टाकतात, आणि नायट्रेट झालंच तर जिथं हवा कमी आणि कर्ब आहे तिथं दुसरे जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू करून हवेत परत सोडतात. म्हणजे गाळणारी वस्तू माती नसून मातीतला वेळ आहे, आणि लोकापूरच्या फरशीसारख्या चुनखडीच्या फटीत तो वेळच मिळत नाही. वर चुन्यामुळं सामू चढा, म्हणून शेण-मुताचं नायट्रेट भराभर होतं, आणि खाली जायला नळ तयारच.

किती भराभर, तर जर्मनीत डॅन्यूब नदीचं पाणी एका ठिकाणी पात्रातच चुनखडीच्या फटीत गडप होतं. १८७७ मध्ये त्यात दहा किलो हिरवा रंग आणि वीस टन मीठ टाकून बघितलं, साधारण अडीच दिवसांत बारा किलोमीटर लांबच्या आखच्या झऱ्यातून हिरवं खारट पाणी बाहेर आलं. बारा किलोमीटरला अडीच दिवस, मग पंधरा पावलांना किती?

आणि कॅनडात ऑन्टॅरिओमधल्या वॉकरटन गावात मे २००० मध्ये जोराचा पाऊस झाला, शेजारच्या शेतातलं जनावरांचं शेण भेगाळ खडकातून गावाच्या उथळ विहिरीत उतरलं, क्लोरिन नीट पडत नव्हतं. ७ माणसं गेली आणि २,३०० च्या आसपास आजारी पडली. तिथंही पाण्याला रंग नव्हता, वास नव्हता.

दाजींच्या आजोबांच्या काळात दोन जनावरं असतील, रानात युरिया नव्हता. आता दोन्ही बदललंय. चवीवरून काही कळत नाही. पाणी वर्षातून दोनदा तपासा, एकदा मे महिन्यात आणि एकदा पहिले मोठे पाऊस झाल्यावर आठवडाभरात, दुसरी तपासणी जास्त महत्त्वाची. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत पाहिजे आणि कोलिफॉर्म जिवाणू, म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण, नकोतच. नायट्रेट जास्त निघालं तर घरातल्या तान्ह्या बाळाला ते पाणी अजिबात द्यायचं नाही, उकळून नायट्रेट जात नाही उलट पाणी आटून वाढतं. जंतू निघाले तर उकळणं आणि क्लोरिन चालतं.

उकिरडा विहिरीच्या उताराच्या खालच्या अंगाला न्या, जितका लांब जमेल तितका, खाली काळ्या मातीचा जाड थर चांगला चोपून घ्या, वर छप्पर करा म्हणजे पावसाचं पाणी त्यातून झिरपणार नाही. विहिरीचा कठडा दोन फूट वर उचला आणि भोवती उतार बाहेरच्या बाजूला ठेवा. हे पावसाळ्याआधी झालं पाहिजे.